पटावर एकेचाळीस, पडद्यावर चाळीस

चौगुले बाई मयताला गेल्या तरी माणसं मोजतात. ऐकीव सांगत नाही. आमच्या शाळेचा जुना शिपाई वारला तेव्हा त्याच्या दारात मी बाईंच्या शेजारीच उभा होतो. सगळे माना खाली घालून उभे, आणि बाईंची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतेय, ओठ हलतायत. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. तेवढ्यात माझ्या बाहीला हिसका बसला. "जमादार, एक कमी हाय. धाकटा ल्योक कुठाय?" धाकटा लेक म्हणजे चांगला चाळिशीचा गडी. तो मागं गोठ्यात म्हशीला टेकून रडत बसला होता आणि इकडं लोक त्याच्यावाचूनच उचलायच्या तयारीत होते. बाई गेल्या, दंडाला धरून त्याला घेऊन आल्या आणि वर त्यालाच ओरडल्या, "रडायचं ते हितं रड की!"

बाई भूगोल शिकवतात, मी, म्हणजे जमादार सर, शास्त्र. अकरा वर्षं एकाच स्टाफरूममध्ये समोरासमोरच्या खुर्च्यांवर काढली आम्ही. अंगानं काटक, आवाज मात्र असा की दसरा चौकात उभ्या राहून ओरडल्या तर बिंदू चौकातला माणूस मागं वळून बघेल. बोलणं अस्सल इथलं. 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. कोल्हापूरच्या बायका तसंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या स्टाफरूममध्ये कुणाची छाती नाही. एका नव्या सरांनी एकदा विचारलं होतं. बदलीचे तास बाईच लावतात, त्यामुळं त्यांचे पुढचे सहा महिने सगळे ऑफ तास बदलीवर गेले.

हजेरी घेताना बाई नावं पुकारत नाहीत. वर्गाच्या दारात उभ्या राहतात, एक नजर टाकतात आणि म्हणतात, "एक कमी हाय. खिडकीकडची." झाली हजेरी! मुलगी एक दिवस आली नाही तर बाई गप्प असतात. दुसऱ्या दिवशी चिडचिड सुरू होते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटली की हँडलला छत्री अडकवून मोपेड काढतात आणि थेट पोरीच्या घरी. एकदा उचगावला एका बापानं दारात हात जोडून म्हटलं, "या पावणं, कुठल्या गावचं?" बाई म्हणाल्या, "पावणं ऱ्हाऊ दे. पोरगी कुठाय?" कधी पोरगी दोन दिवसांनी वर्गात दिसायची, कधी दिसायची नाही. नाही दिसली की बाई आठवडाभर कुणाशी धड बोलत नसत. आम्ही म्हणायचो, पित्त वाढलं असेल. पाठीमागं आम्ही त्यांना 'शिरगणती' म्हणायचो. मीही म्हणायचो. कशाला खोटं बोलू?

आता त्या सिनेमाविषयी. त्याचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात मी माझ्या सासऱ्यांच्या गिरणीचीही करत नाही.

आमच्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या मेहुण्यानं हा सिनेमा काढला. शिक्षक आणि वाया गेलेली पोरं, असा विषय. मग काय, नोटीस निघाली. सर्व शिक्षकांनी रविवारी दुपारी थेटरात हजर राहावे, सिनेमा पाहून प्रेरणा घ्यावी आणि सोमवारी दोन पानी अहवाल सादर करावा. प्रेरणा घ्यावी! रविवारी! घरी तांबडा रस्सा रटरटत असताना! आम्ही आधीच मतदार याद्या करतो, पोरांची उंची-वजनं भरतो, खिचडी चाखतो, संडास मोजतो, त्याचे फोटो काढून पाठवतो. एवढ्यातनं वेळ उरला तर शिकवतो. आणि आता सिनेमा बघून त्याचाही अहवाल. मला नोटिशीवर सही करतानाच घाम फुटला रागानं.

सिनेमा काय होता म्हणाल, तर डोक्याला ताप होता. एक शाळा, तिथं दहावीची 'ड' तुकडी. वर्गात एकेचाळीस पोरं आणि सगळी बिघडलेली. बिघडलेली म्हणजे कशी, तर शर्टाची वरची बटणं उघडी आणि बाकावर पाय. अहो, माझ्या वर्गात या, खरी बिघडलेली पोरं कशी असतात बघा! ती पाय वर ठेवत नाहीत. मान खाली घालून गप्प बसतात आणि एक दिवस येतच नाहीत. असो. मग तिथं एक नवे सर येतात. दाढी राखलेली, गळ्यात मफलर, उन्हाळ्यात. ते आल्या आल्या पुस्तक खिडकीतनं बाहेर फेकतात. माझा हात आपोआप पुढं झाला, झेलायला. आमच्याकडं एक पुस्तक हरवलं तर मुख्याध्यापक तीन पत्रं पाठवतात. मग हे सर पोरांना डोंगरावर नेतात, सूर्याकडं बघून ओरडायला लावतात. पोरं ओरडतात, रडतात आणि सुधारतात. या सरांना पेपर तपासायचे नाहीत, वेळापत्रक नाही, सही करायचं मस्टर नाही. पूर्ण सिनेमात या माणसाच्या बोटाला एकदा खडू लागला नाही! आणि शाळेतले बाकीचे शिक्षक? सगळे टकले, ढेरपोटे आणि मत्सरी. मी टकला आहे, हे मान्य. पण मत्सर कशाचा करू, मफलरचा?

माझ्या उजवीकडं बसलेले आमचे गणिताचे सर घोरायला लागले. डावीकडं चौगुले बाई. मला वाटलं होतं, पहिल्या दहा मिनिटांतच या तोंड उघडणार. पण नाही. पाठ ताठ, मान पुढं, आणि ओठ हलतायत. मी ओळखलं. बाई पडद्यावरचा वर्ग मोजत होत्या.

मध्यंतरात सगळे समोशाच्या रांगेत. बाई जागच्या हलल्या नाहीत. मी परत आलो तर म्हणाल्या, "जमादार, दुसऱ्या रांगेत खिडकीला एक पोरगी हाय बघ. एका येणीला लाल रिबीन, एकीला काळी."

"असेल की बाई."

"असंल न्हवं, हाय. बघून ठेव."

सिनेमा पुढं सुरू झाला आणि पाचच मिनिटांत माझ्या बाहीला तोच तो हिसका. "एक कमी हाय." मी बघितलं. खिडकीजवळची जागा रिकामी. पुढच्या प्रसंगात तिथं कुणीतरी दप्तर ठेवलं होतं. त्याच्या पुढच्यात एक जाडा पोरगा सरकून बसला होता. पोरगी काही दिसली नाही. मी हळूच म्हणालो, "बाई, गर्दीतली पोरगी असणार. शूटिंगला आली नसेल त्या दिवशी."

"न्हाय आली! आणि कुणी इचारलं न्हाय?" बाई म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या तीन माना मागं वळल्या.

शेवट आला. निकाल लागलेला. मफलरवाले सर मैदानात उभे, वारा सुटलेला, पोरं रांगेत. सर थरथरत्या आवाजात म्हणतात, "एकेचाळीस पोरं माझ्या हातात दिली होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस परत देतोय." मागं व्हायोलिन. पहिल्या रांगेत चेअरमनसाहेबांनी रुमाल काढला. आणि आमच्या चौगुले बाई उभ्या राहिल्या.

"खोटं! चाळीस हायत! मोज की, मोज!"

थेटर चिडीचूप. व्हायोलिनसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं. कुणीतरी मागनं "खाली बसा" म्हणालं. बाई मागं वळून म्हणाल्या, "तू मोजून दाव, मग बसतो." दिवे लागले. चेअरमनसाहेब लालबुंद होऊन निघून गेले, मागोमाग सगळा स्टाफ. बाई मात्र पडद्यावर शेवटी सरकणारी नावं वाचत उभ्या राहिल्या. कपडेपट, चहापान, वाहनव्यवस्था, सगळं. आणि 'विशेष आभार' आलं तेव्हा बोट रोखलं. बिद्रीच्या पुढच्या एका गावचं हायस्कूल. शूटिंग तिथं झालं होतं.

सोमवारी बाईंच्या हातात कागद पडला. जाहीर शिस्तभंग केल्याबद्दल लेखी माफी मागावी. बाईंनी त्याच कागदाच्या खाली उत्तर लिहिलं, 'मुलगी दाखवावी. माफी तयार आहे.' तो कागद घेऊन शिपाई केबिनमध्ये गेला तो घामाघूम होऊनच परत आला. पण सिनेमाच आठवड्यात उतरला. थेटरात आमच्याशिवाय बघायला कोण गेलं होतं? चेअरमनसाहेबांनी तो विषयच बंद केला.

बाईंनी केला नाही. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माझ्या स्कूटरपाशी उभ्या. "माझी मोपेड एवढी लांब जायची न्हाय. चल."

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हणालो, "बाई, तो सिनेमा आहे. ती पोरगी सिनेमातली आहे. तिचं नाव आपल्या पटावर नाही, त्या खोट्या शाळेच्या पटावर आहे. तिला शोधून करायचं काय?"

"जमादार, ती शाळा खोटी असंल. पोरगी खोटी न्हाय. इतके दिस बसली आणि एका दिशी न्हाय. मधल्या रात्रीत तिच्या घरी काय झालं असंल, ते मला इचारायचंय."

स्कूटरला किक मारली. निघालो. रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एका ट्रॉलीला दुसरी ट्रॉली जोडलेली, मागं दिवा नाही, वर टेपवर गाणं. मी प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. बाई उघड घालत होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "नववी-धावीच्या वयाची दिसती. त्येच वय वाईट." मग कारखान्याच्या मळीचा वास सुरू झाला आणि आम्ही दोघंही तोंड मिटून बसलो.

गावात दूध संस्थेपाशी थांबलो. सेक्रेटरी दारातच बसला होता. बाईंनी मोबाइलवर त्या सिनेमाची जाहिरात लावली, बोटानं थांबवली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "ही कुणाची?"

माणूस फुलला. "ही व्हय? आमच्या साबळ्यांची कोमल. अवो, आमच्या गावचा अख्खा वर्ग घेतलता पिक्चरात! नववी अ. बारा दिवस शूटिंग चाललं. गावाचं नाव झालं बघा."

"आणि बारा दिवस त्या पोरांची शाळा?"

"शाळा कुठली? बंदच की त्या वर्गाची. हेडसरांनी उपक्रम म्हणून लावून टाकलं."

ऐकलंत? शिक्षणाचं महत्त्व पडद्यावर दाखवायला चाळीस पोरांची बारा दिवस शाळा बुडवली! मफलर घालून पुस्तकं फेकली! आणि आम्ही त्याचा दोन पानी अहवाल लिहिला. मी तर वर 'प्रेरणादायी' असंही लिहून दिलं होतं. माझं मला तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

बाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. "आणि ही मधीच कुठं गेली?"

"ती पोरगी जरा चक्रम हाय," सेक्रेटरी म्हणाला. "निम्म्यातनं पळून गेली. लई बोलावलं त्यांनी. आता काय, घरातच असती बघा."

घरातच असती. हे ऐकून बाईंचा चेहरा एकदम उतरला. आवाजही उतरला. "लगीन केलं काय?" त्यांनी विचारलं.

"ते काय मला म्हाईत न्हाय बा. त्या पाण्याच्या टाकीमागं घर हाय."

टाकीमागं चार घरं होती. बाई माझ्यापुढं झपझप चालत होत्या आणि साबळ्यांच्या अंगणापाशी येऊन एकदम थांबल्या. दार लोटलेलं होतं. मी अकरा वर्षांत या बाईला कुठल्या दारापुढं थांबलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "तू वाजीव."

मी कडी वाजवली. दार उघडलं आणि एक पोरगी बाहेर आली. डाव्या हातात वही, कानावर पेन. दोन वेण्या, आज दोन्हीला रिबीन नव्हतीच. "कोण पायजे?"

बाई नुसत्या त्या वहीकडं बघत होत्या. शेवटी मीच म्हणालो, "आम्ही कोल्हापूरहून आलोय. शाळेतले शिक्षक. तू त्या सिनेमात होतीस ना? मग मध्येच का गेलीस?"

पोरीनं तोंड वाकडं केलं. "तुमी पिक्चरवालं हाय काय?"

"नाही ग बाई."

"मग सांगतो. सर, सहा दिवस त्येच त्येच! फळ्यावर एकच गणित, पुसतच न्हाईत. ते पण चुकीचं. मी त्या पिक्चरच्या मोठ्या सरांना सांगितलो, उत्तर चुकलंय. तर म्हणालं, तू गप बस, तू फकस्त रड. तिकडं नववी ब मध्ये शास्त्राचे सर लोलकातनं सात रंग पाडून दावणार हुते. मी कशाला रडत बसू? सातव्या दिवशी गेलो ब मध्ये आणि मागच्या बाकावर बसलो. आमचे हेडसर वरडले. मी न्हाय उठलो."

मी शास्त्राचा मास्तर. आमच्या प्रयोगशाळेतला लोलक तीन वर्षं कपाटात बंद आहे, किल्ली माझ्याकडं. सिनेमाभर फळ्यावर दिसणारं ते गणित चुकीचं आहे, हे आम्हा सव्वीस शिक्षकांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आमचे गणिताचे सर तर घोरत होते.

"वही दाव," बाई म्हणाल्या. हात पुढं केला होता.

पोरीनं वही दिली. बाई अंगणातल्या पायरीवर टेकल्या आणि एकेक पान उलटायला लागल्या. धडा नव्हत्या वाचत. वरच्या कोपऱ्यातल्या तारखा बघत होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. बोट प्रत्येक तारखेवर क्षणभर थांबायचं आणि पुढं जायचं. आज सकाळच्या शाळेपर्यंत एकही दिवस बुडाला नव्हता. तेवढ्यात पोरीची आई हात पुसत बाहेर आली. अनोळखी माणसं, हातात पोरीची वही, बिचारी घाबरली. "काय चुकलं का बाई तिचं? लई आगाऊ हाय, मला म्हाईत हाय."

"काय चुकलं न्हाय," बाई म्हणाल्या. वही मिटून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं न बघता माझ्याशीच बोलायला लागल्या. "जमादार, चौतीस वर्षं मी अशी दारं वाजवतोय. कुठं कुलूप. कुठं दारात मांडव आणि पोरगी हळदीत. एकीकडं गेलो तर पोरगीच दार उघडायला आली, कडंवर पोर घिऊन. मला म्हणाली, बाई, आत या की, च्या करतो. चौदा वर्षांची, आणि मला च्या करतो म्हणती. माझ्या मागं तुमी हसायचा, ते मला ऐकू यायचं. पर एकदा तरी दार उघडलं आणि पोरगी वही घिऊन भायेर आली, असं झालं न्हवतं. आज झालं."

कोमलला यातलं किती कळलं कुणास ठाऊक. ती बाईंकडं बघत उभी होती, वही परत मागावी की नाही या विचारात. आईला मात्र कळलं असावं. तिनं आत जाऊन चहा टाकला, परत आली आणि बाईंच्या शेजारी खालीच बसली. आमच्याकडं बायका बसल्या की पहिल्यांदा जे विचारतात तेच तिनं विचारलं.

"बाई, तुमाला पोरी किती?"

आता चौगुले बाई तिच्यावर उखडणार, म्हणून मी मध्ये पडायला तोंड उघडलं.

"लई हायत," चौगुले बाई म्हणाल्या. "कुठं हायत ते म्हाईत न्हाय."

मी स्कूटर बघतो म्हणून अंगणाबाहेर आलो. रडणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि त्या दिवशी तो मला माझाच आला.